खुर्ची क्रमांक सदतीस

बारा एप्रिल, शनिवार, दुपारी तीन वाजून एकावन्न मिनिटं. थॉर्नशॉ टाउनच्या मैदानावर मध्यंतरात ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की क्लबचे सर्वांत ज्येष्ठ समर्थक विल्फ्रेड हॅलिवेल यांचं निधन झालं आहे. बातमी खरी होती. फक्त ती पंचवीस वर्षं आणि आठ महिने जुनी होती.

त्या दिवशीचे प्रेक्षक दोन हजार तीनशे चौदा. सगळे उभे राहिले आणि आमच्या रिवाजाप्रमाणे मिनिटभर टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचे समर्थकही उभे राहिले. मुख्य स्टँडमधल्या सातव्या ओळीत, खुर्ची क्रमांक सदतीसवर, विल्फ्रेड हॅलिवेल या नावाचं हंगामभराच्या प्रवेशाचं कार्ड खिशात ठेवून एक माणूस उभा होता. म्हणजे क्लबच्या नोंदीनुसार मयत व्यक्ती स्वतःच्याच श्रद्धांजलीत सामील झाली होती. तो विल्फ्रेडचा मुलगा, रॉय. वय एकाहत्तर. त्याच्या शेजारी अडतीस क्रमांकावर मी होतो. मीही टाळ्या वाजवल्या. नाही वाजवल्या तर लोकांच्या डोळ्यांवर येईल असं वाटलं.

माझं नाव गॉर्डन व्हिटल. थॉर्नशॉच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात मी एकतीस वर्षं निबंधक होतो. या गावात माझ्या सहीशिवाय कोणी अधिकृतपणे मेलेलं नाही. विल्फ्रेडही नाही. नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या सहा दिवस आधी, न्यूमोनिया. नोंद करायला रॉयच आला होता. मी दाखला लिहिला, शिक्का मारला, त्याच्या हातात दिला आणि शनिवारी मैदानावर भेटू म्हणालो. शनिवारी तो बापाचं कार्ड घेऊन बापाच्या खुर्चीवर येऊन बसला. मी काही बोललो नाही. दुःखात असलेल्या माणसाला एक सामना द्यायला काय हरकत आहे, असा माझा विचार होता. आम्ही तीन-शून्यने जिंकलो.

इथेच घोटाळा झाला. हरलो असतो तर रॉय दुसऱ्याच दिवशी कार्ड परत करून आला असता. आम्ही पुढचे पाच सामनेही जिंकलो. आमच्याच ओळीतला अर्नी, तेव्हा बाजारात त्याचं मटणाचं दुकान होतं, रॉयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, आता काहीही बदलायचं नाही. तू इथेच बसायचं. तोच कोट घालायचा. आणि विल्फ मेला हे या ओळीच्या बाहेर जाता कामा नये."

"पण तो मेलाय," रॉय म्हणाला.

"ते आपल्याला माहीत आहे. संघाला कुठे माहीत आहे?"

त्या वर्षी आम्ही वरच्या श्रेणीत गेलो. त्यानंतर बापाच्या नावाचा नूतनीकरणाचा अर्ज आला तेव्हा रॉयने सही करून पाठवून दिला, आणि मग दरवर्षी पाठवत राहिला. मधल्या काळात आम्ही तीनदा खाली घसरलो. तरीही पद्धत मोडली नाही, कारण मोडली असती तर किती घसरलो असतो हे कोणी सांगावं? सव्वीस हंगाम सातव्या ओळीतल्या अकरा माणसांनी एक मृत्यू लपवून ठेवला. त्यातला एक निबंधक होता. या वाक्याकडे पाहिलं की मला अजून घाम फुटतो.

मुख्य स्टँड लाकडी आहे, तीनशे चार खुर्च्यांचा. बाकीचं मैदान उभ्याने बघायचं, आणि छप्पर फक्त या स्टँडला. खुर्ची वारशाने मिळत नाही. चौऱ्याहत्तर साली दोन भावांमध्ये एका खुर्चीवरून इतकी हाणामारी झाली की तसा नियमच झाला. धारक वारला की खुर्ची प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते. ती यादी ब्रेंडा ऑल्डरसन ठेवते, समर्थक संघाची मानद चिटणीस. निळ्या वहीत, शाईच्या पेनाने. ब्रेंडाच्या वहीत खाडाखोड नसते. या गावात माझ्याइतकं नीटनेटकं अक्षर फक्त तिचं आहे. आम्ही एकमेकांना नेहमी 'अहो' म्हणत आलो आहोत.

तर फेब्रुवारीत क्लबने नवा संपर्क अधिकारी नेमला. ट्रिस्टन नावाचा, दक्षिणेकडचा. त्याने जुन्या नोंदी संगणकात भरून घेतल्या आणि संगणकाने त्याला सांगितलं की खुर्ची सदतीसचे धारक येत्या बारा एप्रिलला शंभर वर्षांचे होत आहेत. त्या दिवशी घरचा सामना. ट्रिस्टनला तो योग जुळून आल्यासारखा वाटला. विल्फ्रेडच्या नावे पत्र आलं: आपण आमचे सर्वांत खरे समर्थक आहात. मध्यंतरात मैदानावर आपला सत्कार करण्यात येईल. पाठीवर शंभर आकडा छापलेला सदरा देण्यात येईल.

रॉय ते पत्र घेऊन माझ्याकडे आला. माझ्या घराच्या तीन पायऱ्या चढायला त्याला आता वेळ लागतो. गाद्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढल्यावर फुप्फुसांचं जे होतं ते त्याचं झालं आहे. जानेवारीत डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पुढचा हंगाम धरू नका. "हंगाम म्हणजे ऑगस्टपासूनचा ना?" असं त्याने विचारलं. डॉक्टरांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, साधारण उन्हाळाच म्हणा.

"रजिस्ट्रारसाहेब," रॉय म्हणाला, "एक पत्र लिहून दे. येऊ शकत नाही म्हणावं. मला एवढा हंगाम त्या खुर्चीवर बसून पुरा करू दे. उभ्याने माझ्याने होणार नाही."

"मी खोटं लिहिणार नाही, रॉय."

"मग खरं लिही. पण असं लिही की कळणार नाही. सरकारी नोकरी केलीयस ना?"

हे मला लागलं. तरी मी लिहिलं. पत्र चांगलं उतरलं होतं हे आजही म्हणेन. 'श्री. हॅलिवेल आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी असते. तथापि प्रकृतीच्या कारणास्तव त्यांचं बाहेर पडणं बऱ्याच काळापासून थांबलं आहे.' एकही शब्द खोटा नाही. 'असते' या क्रियापदावर मी अर्धा तास घालवला.

ट्रिस्टनचं उलट टपाली उत्तर आलं: मग आम्हीच येतो. दोन खेळाडू, केक आणि छायाचित्रकार.

इथे सल्ले सुरू झाले. अर्नी म्हणाला, म्हातारा ऑस्ट्रेलियाला गेलाय असं सांगा. डॉट म्हणून एक बाई आमच्या ओळीच्या टोकाला बसते आणि थर्मासमधलं वाटाण्याचं सूप सगळ्यांना देते, ती म्हणाली, "मेला म्हणून सांगा ना. आत्ताच मेला म्हणा. गेल्या आठवड्यात."

"म्हणजे परत मारायचा?" रॉय म्हणाला.

"एकदा मारलायसच, दुसऱ्यांदा काय त्रास होतोय त्याला?"

"अगं, मग खुर्ची जाईल."

"हां," डॉट म्हणाली. "सूप घे."

मी दुसरं पत्र लिहिलं. 'श्री. हॅलिवेल आता घरी नसतात. त्यांचा मुक्काम पुष्कळ वर्षांपासून मूर लेनच्या वरच्या टोकाला आहे. जागा शांत आहे, भोवती झाडी आहे आणि देखभाल नगरपालिकेकडे आहे. पाहुण्यांशी बोलणं त्यांना शक्य होत नाही.' हे दफनभूमीचं तंतोतंत वर्णन होतं. फक्त मूर लेनच्या वरच्या टोकाला, दफनभूमीच्या अलीकडे, नगरपालिकेचा वृद्धाश्रमही आहे. एकतीस वर्षांत मी त्या वृद्धाश्रमातून आलेले शेकडो मृत्यू नोंदवले असतील. तो पत्ता माझ्या बोटांवर होता. तरी पत्र लिहिताना तो मला आठवला नाही, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

तीन एप्रिलला, गुरुवारी सकाळी अकराला, क्लबचा डावा बचावपटू, राखीव गोलरक्षक आणि बिजू या प्राण्याचा पोशाख घातलेला आमचा शुभंकर वृद्धाश्रमात पोहोचले. "विल्फ कुठे आहेत?" असं विचारल्यावर तिथल्या परिचारिकेने त्यांना विल्फसमोर नेलं. विल्फ ग्रेगसन. वय चौऱ्याण्णव. नाव सोडलं तर त्याच्यात आणि आमच्या विल्फ्रेडमध्ये साम्य असं काही नव्हतं, आणि एक फरक फार मोठा होता: हा माणूस जन्मभर मार्लडेनचा समर्थक. मार्लडेन म्हणजे आमच्यापासून सहा मैल. त्यांच्याविषयी मी अधिक लिहीत नाही, माझ्या रक्तदाबाचा प्रश्न आहे.

विल्फ ग्रेगसनला हल्ली आठवत काही नाही. त्याला सदरा घातला, केक भरवला, बिजूने त्याचा हात हातात घेतला. तो रडला. छायाचित्र वर्तमानपत्रात आलं: 'टाउनचा सर्वांत खरा समर्थक'. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी क्लबच्या कचेरीत येऊन उभी राहिली.

"माझ्या बापाला बाटवलंत तुम्ही!" ती ओरडली. "चौऱ्याण्णव वर्षं सांभाळलं त्याने, आणि तुम्ही शेवटी शेवटी येऊन बाटवलंत!"

"मॅडम, सदरा आम्ही परत घेतो," ट्रिस्टन म्हणाला.

"घ्या की! काढूनच देत नाही तो अंगातला. झोपतो त्यात!"

ट्रिस्टन गडबडला. त्याने माझं पत्र काढलं आणि गावातलं कोणालातरी विचारावं म्हणून ब्रेंडाला दाखवलं. ब्रेंडाने ते एकदाच वाचलं. तिचा नवरा डेरेक मूर लेनच्या दफनभूमीत आहे. ती दर रविवारी चर्चनंतर तिथे जाते. शांत जागा, झाडी, देखभाल नगरपालिकेची. असं अचूक वर्णन लिहिणारा माणूस गावात एकच आहे हेही तिला माहीत होतं. त्या रविवारी ती डेरेकच्या पलीकडे तीन ओळी चालत गेली आणि दगडावरचं नाव आणि तारीख वाचली. सोमवारी तिने मृत्यूच्या दाखल्याची नक्कल काढली. खाली माझी सही होती. सुवाच्य.

तिने ट्रिस्टनला सांगितलं, "मिस्टर हॅलिवेल वारले आहेत. शनिवारी घोषणा करा." कधी वारले हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. म्हणजे माझीच पद्धत तिने माझ्यावर वापरली. सत्कार रद्द झाला, श्रद्धांजली ठरली, आणि तिकीट कार्यालयाने संगणकात नावापुढे 'मयत' असं भरलं. तोवर रॉय नेहमीसारखा लवकर येऊन आत बसला होता. सकाळी पावणेदोनला फाटक उघडलं तेव्हा त्याचा बाप संगणकात अजून जिवंत होता. (पावणेदोन ही सकाळ नव्हे हे मला माहीत आहे. सामन्याच्या दिवशी तीनच्या आधीचं सगळं आमच्याकडे सकाळ असतं.)

टाळ्या थांबल्या. रॉय खाली बसला. तो समोर मैदानाकडे बघत होता. "नव्व्याण्णव साली झालं नव्हतं हे," तो म्हणाला. "नाव वाचलं गेलं नव्हतं त्याचं. माझ्यामुळे." थोड्या वेळाने म्हणाला, "पुरतं मिनिट दिलं ना?"

"चौसष्ट सेकंद," मी म्हणालो. मी मोजले होते.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा आम्ही शून्य-एकने मागे होतो. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला स्टँडची व्यवस्था बघणारा कर्मचारी कीथ ओळीच्या टोकाला येऊन उभा राहिला. रॉयला तो शाळेपासून ओळखतो. हातात कार्ड तपासायचं छोटं यंत्र.

"रॉय, सदतीस नंबर रिकामा असायला हवा. यंत्र म्हणतंय तू मेलायस."

"जरा थांब म्हणावं. घाई झालीय त्याला."

"मी काय करू रे? वरून सांगितलंय."

"वरून म्हणजे कुठून? तिथूनही बोलावणं येतंच आहे मला."

अर्नी उठला. डॉट उठली, सूप हातात. सातवी ओळ सगळी उठली. आणि आठव्या ओळीतून आवाज आला, "बसा की खाली, कॉर्नर आहे!" हा आक्षेप रास्त होता. आम्ही बसलो. निषेध तिथेच संपला.

"खरा समर्थक आहे तो!" अर्नी बसल्या बसल्या कीथला म्हणाला. "सव्वीस वर्षांत एक घरचा सामना चुकवला नाही. बायकोच्या अंत्यविधीची वेळ बदलून घेतली त्याने. अजून काय पाहिजे तुला?"

"कार्ड," कीथ म्हणाला. तो जवळजवळ रडवेला झाला होता.

त्रेसष्टाव्या मिनिटाला रॉय आपणहून उठला. लोकांच्या मध्ये उभं राहून खेळ अडवायचा नाही, ही त्याची शिस्त. लाकडी पायऱ्या नऊ आहेत. उतरायला चार मिनिटं लागली. मी त्याचा कोपर धरला होता. फाटकाबाहेर आलो आणि मागे सगळं मैदान ओरडलं. बरोबरीचा गोल.

"कोणी मारला?" रॉयने विचारलं.

मला माहीत नव्हतं. तो भिंतीला टेकून श्वास घेत होता. मी आत जाऊन विचारून येतो म्हणालो. फाटकावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. एकदा बाहेर पडलं की परत प्रवेश नाही असं कार्डाच्या मागे छापलेलं आहे. मी ते इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता रॉयला रुग्णालयात दाखल केलं. त्याच सकाळी मला क्लबचं पत्र मिळालं: सातव्या ओळीतल्या सर्व धारकांची कार्डं चौकशी होईपर्यंत स्थगित. बैठक गुरुवारी संध्याकाळी सहाला. घरचे सामने दोन उरले आहेत, पहिला येत्या सोमवारी. दोन्ही हरलो तर क्लब लीगमधून बाहेर जातो. रॉयला त्या दोन सामन्यांना त्या खुर्चीवर बसायचं आहे. डॉक्टर म्हणतात, चाकाच्या खुर्चीतून नेता येईल, प्राणवायूची नळकांडी बरोबर ठेवून, पण छपराखाली.

नियम मी वाचून काढले. कलम बावीस: रिकामी झालेली खुर्ची समितीला हंगामाच्या उरलेल्या सामन्यांपुरती कोणालाही देता येते. अर्ज हवा. त्यावर पंचवीस वर्षं सभासद असलेल्या दोघांनी सही करून प्रमाणित करायचं की अर्जदार खरा समर्थक आहे. माझी सही स्थगित. अर्नीची स्थगित. पलीकडच्या स्टँडमधला एक जुना सभासद मिळाला. दुसऱ्या सहीसाठी मी चार घरं फिरलो. एकाने विचारलं, खरा म्हणजे कसा, कार्डावरचा की खुर्चीवरचा? एकाने दारच उघडलं नाही. रॉयने पलंगावरून अर्जावर सही केली. त्या क्लबच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिण्याची त्याची ही पहिलीच वेळ. 'किती वर्षांपासून समर्थक?' हा रकाना त्याने कोरा ठेवला.

"ब्रेंडाला विचार," तो म्हणाला.

"रॉय, तिनेच तुला—"

"म्हणून तर. तिने सही केली तर ती खरी."

मंगळवारी दुपारी दोनला मी ब्रेंडाच्या दारात उभा राहिलो. तिने मला स्वयंपाकघरात घेतलं, चहा दिला नाही. अर्ज वाचला. मग निळी वही आणून माझ्यासमोर उघडली. नव्व्याण्णव सालचं पान. पहिलं नाव: डेरेक ऑल्डरसन.

"अकरा वर्षं वाट बघितली त्यांनी," ती म्हणाली. "त्या ऑगस्टात पहिल्या नंबरावर आले. गुडघा गेलेला. त्या हंगामात मुख्य स्टँडमधलं कोण कोण वारलं, मिस्टर व्हिटल? तुम्हाला तोंडपाठ असेल."

मला तोंडपाठ होतं. एकच. विल्फ्रेड.

"सगळा हिवाळा गोलमागे उभे राहिले. पावसात. फेब्रुवारीत गेले. त्यांच्या नावाची घोषणा झाली नाही, कारण ती फक्त खुर्चीवाल्यांची होते. दाखला तुम्हीच लिहिलात. तुम्ही म्हणालात, फार वाईट झालं."

मी तसं म्हणालो होतो. मी ते सगळ्यांनाच म्हणत असे. तेव्हा डेरेक ऑल्डरसन यादीत कितवा होता हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.

"विचारलंत का कधी?"

"नाही."

तिने अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "विल्फ्रेडला त्याचं मिनिट मिळायलाच हवं होतं. म्हणून मी घोषणा करायला लावली. तो खरा होता, त्याबद्दल प्रश्नच नाही." तिने अर्जावरचा कोरा रकाना बोटाने दाखवला. "हा का भरला नाही त्यांनी?"

"भरता आला नसेल."

"गोल कोणी मारला, कळलं का त्यांना?"

"हो. डाव्या बचावपटूने. मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून दाखवलं."

तिने अर्जाची घडी घातली, निळ्या वहीत ठेवली आणि वही हातपिशवीत टाकली. सही करते म्हणाली नाही. करत नाही असंही म्हणाली नाही. मी अर्ज परत मागितला नाही.

आज बुधवार. सकाळी साडेदहाला मी रुग्णालयात फोन केला. परिचारिका म्हणाली, रात्र बरी गेली, आणि आत्ता त्यांच्याकडे एक बाई येऊन बसल्या आहेत. हातपिशवी मांडीवर आहे. दोघंही बोलत नाहीयेत.

मी पावणेबाराला पुन्हा फोन केला. बाई अजून तिथेच होत्या.